वामनरावांची आठ नळ्यांची गादी

वामनराव रंगारींनी पाऊलवाट मंडळाच्या वहीत आपलं नाव लिहिलं, त्या संध्याकाळी ते सायकल ऑफिसातच विसरून घरी चालत आले. आनंदच तेवढा झाला होता. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सरकारी कचेरीत बावीस वर्षं हेडक्लार्की आणि तिच्या खालची पदं भोगल्यावर, माणूस प्रथमच जंगलात राहायला निघाला होता. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, महिना डिसेंबर. एस.टी.नं पारशिवनी, तिथून पुढं पायी पेंच नदीच्या काठानं, दोन मुक्काम, तेही उघड्यावर!

"उघड्यावर म्हणजे वरतं काहीच नाही?" शामलाबाईंनी विचारलं. या त्यांच्या पत्नी.

"वरतं आकाश," वामनराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी रस्त्यातच तयार करून ठेवलं होतं.

"अन् खाली?"

 खालचा विचार वामनरावांनी केलाच नव्हता.

इथं त्यांच्या झोपेबद्दल सांगितलं पाहिजे. वामनराव हे झोपेच्या बाबतीत शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांना दोन गाद्या लागत, एकीवर एक. उशा तीन: एक डोक्याखाली, एक गुडघ्याखाली आणि एक नुसती शेजारी, गरज पडल्यास. एवढं सगळं असूनही एखाद्या सकाळी कंबर धरत असे आणि मग ते दिवसभर काटकोनात चालत. आणि मंडळाच्या छापील पत्रकातला नियम क्रमांक तीन असा होता: 'प्रत्येकाने आपले अंथरूण-पांघरूण स्वतःच्या पाठीवर न्यावे. एकूण ओझे सात किलोपेक्षा अधिक भरल्यास त्या सदस्याने स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत बैलगाडीतून यावे.'

हा नियम मनोहररावांचा होता. मनोहरराव बोकडे म्हणजे मंडळाचे संस्थापक, एका शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर. गळ्यातली शिट्टी त्यांनी शाळेला परत केली नव्हती. ते बोलता बोलता मध्येच एखाद्याला 'सावधान' करत. हेडक्लार्क असलेल्या माणसानं गंजांच्या आणि कढयांच्या संगतीत, बैलगाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून जंगलात प्रवेश करायचा! वामनरावांनी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, गाडीत बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वरची गादी गुंडाळून डोक्यावर घेऊन चौकातल्या लाकडाच्या टालावर गेले. वजन करायला तेवढा मोठा काटा दुसरीकडं नव्हता. गादी भरली अकरा किलो. तीही एकच. टालवाल्यानं खात्री करून घेण्यासाठी एक वजन काढून दुसरं ठेवलं, पण गादी काही कमी व्हायला तयार नव्हती. तोवर आठदहा माणसं जमली आणि कोणी मेलंबिलं का याची चौकशी करू लागली, कारण आपल्याकडं माणूस सकाळी उठून गादी घेऊन टालावर जातो तो एकाच कारणासाठी.

परत येईपर्यंत बातमी घरी पोचली होती. शेजारच्या यमुताई फाटकात उभ्याच होत्या. यमुताईंना वस्तीतल्या प्रत्येक घरातलं दुखणं पाठ होतं आणि प्रत्येक दुखण्यावर उपाय ठाऊक होता.

"भाऊ, काहून गादी फिरवून राहिले सकाळपासून?"

"हलकी पाहिजे," वामनराव म्हणाले.

"मग कापूस काढून टाका ना!"

सल्ला वाईट नव्हता. वामनरावांनी तो दुपारी अमलातही आणून पाहिला. अर्धा कापूस काढल्यावर गादीत गोळे झाले आणि तिच्यावर झोपणं म्हणजे बटाट्याच्या पोत्यावर झोपणं झालं. काढलेला कापूस अंगणभर उडाला, त्यातला काही यमुताईंच्या वाळत घातलेल्या वड्यांवर बसला. त्यानंतर दोन दिवस यमुताईंनी सल्ला दिला नाही, हा एवढाच फायदा.

मग कुहीहून शामलाबाईंचे भाऊ देवाजी आले. धानाची शेती करणारा माणूस. त्याच्या लेखी जगातल्या बहुतेक अडचणी तणशीनं सुटतात. तणस म्हणजे धान झोडपल्यावर उरतं ते वाळलेलं गवत. देवाजींनी येताना तणशीची एक जाड, सुबक चटई विणून आणली होती. वजन पाहिलं तर फुलासारखं!

"आमचे बुढे याच्यावरच झोपले जी भाऊजी. कोनाची कंबर दुखली नाही."

वामनराव हरखून गेले. रविवारी दुपारी त्यांनी चटई अंगणात अंथरली, पाठीवर पिशवी बांधून अंगणाला वीस फेऱ्या मारल्या, कारण जंगलात माणूस दमूनच झोपणार, आणि मग आडवे झाले. काय ती ऊब! काय तो वास! पाच मिनिटांत घोरू लागले. स्वप्नात ते नदीच्या काठावर होते आणि नदी त्यांना हळूहळू ओढत नेत होती. जरा वेळानं ओढ फारच वाढली म्हणून डोळे उघडले, तर उघड्या फाटकातून आलेली वस्तीतली एक पांढरी गाय चटईचं एक टोक तोंडात धरून मागं मागं सरकत होती आणि दुसऱ्या टोकावर वामनराव होते. गुडघ्यापर्यंतची चटई तिनं आधीच संपवली होती.

"हाकला ना तिले!" शामलाबाई दारातून ओरडल्या.

"मी झोपून राहिलो ना!" वामनराव म्हणाले. याचा अर्थ त्यांनाही नंतर सांगता आला नाही.

गाय गेली. पण जंगलात काय काय तणस खाणारं असेल, याचा अंदाज येईना. चटई रद्द झाली.

ऑफिसातला श्रीधर नावाचा धाकटा क्लार्क याच सहलीला येणार होता. हा पोरगेला माणूस कुठंही, अगदी फायलींवर डोकं ठेवूनही झोपू शकत असे, त्यामुळं वामनरावांचा त्याच्यावर थोडा रागच होता. पण बातमी त्यानंच आणली. शहराबाहेरच्या एका सरकारी गोदामात निकामी ठरवलेलं सामान पडलं होतं आणि त्यात हवा भरायच्या रबरी गाद्या होत्या. अर्ज केला की मिळतात!

अर्ज हा शब्द ऐकून वामनरावांच्या अंगात बळ आलं. बाकी काही नसेल, पण अर्ज त्यांना कळत होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते गोदामात गेले. खिडकीमागच्या बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"प्रयोजन या कॉलममध्ये तुम्ही 'झोपणे' लिहिलं आहे."

"हो. झोपायसाठीच पाहिजे."

"झोपणे हे प्रयोजन होत नाही. शैक्षणिक, वैद्यकीय किंवा धर्मादाय, तीनच आहेत."

वामनरावांनी विचार केला. झोपेत शिक्षण नाही आणि धर्मही नाही. त्यांनी 'वैद्यकीय' लिहिलं.

"मग डॉक्टरचं सर्टिफिकेट?"

"नाही."

"मग गादी मिळणार नाही. सर्टिफिकेटशिवाय वैद्यकीय विभागातून एवढंच देता येतं." आणि बाबूंनी आत जाऊन एक वस्तू आणली. लाल रबराचं एक फुगवायचं कडं होतं ते, मध्ये भोक असलेलं. ज्यांना बसण्याचा त्रास असतो अशा रोग्यांना दवाखान्यात देतात तसं.

शहाण्या माणसानं ते परत केलं असतं. पण वामनरावांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हवा काढली की ते खिशात मावतं. आणि मधल्या भोकात डोकं? डोकं कसं छान बसेल! गादी नाही तर नाही, पण उशी तर मिळाली! ते इतके खूश झाले की अर्जाची एक प्रत त्यांच्या कचेरीच्या प्रमुखांच्या सहीसाठी टपालानं जाणार आहे, हे बाबूंचं वाक्य त्यांच्या कानात शिरलंच नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब दार लावून घेऊन अतिशय हळू आवाजात म्हणाले, "रंगारी, आधी सांगायचं ना. किती दिवसांपासून आहे?"

"काय सर?"

"लाजू नका. माझ्या मेव्हण्यालाही होतं." समोर कागद होता: 'रबरी कडे, बसण्याचे, एक. प्रयोजन वैद्यकीय.'

वामनरावांनी खुलासा केला की ते बसण्यासाठी नाही, डोक्यासाठी आहे. साहेबांनी त्यांच्याकडं आणखीच करुणेनं पाहिलं. दुपारपर्यंत सगळं ऑफिस हळहळत होतं. कोणीतरी त्यांच्या खुर्चीवर घडी केलेलं ब्लँकेट ठेवलं. घरी यावं तर यमुताईंचा सल्ल्यांचा उपास सुटलेला: "भाऊ, ताक प्या अन् सुरन खा. मिरची बिल्कुल बंद!" रविवारी विहारात वंदनेला गेले तर सगळी मंडळी सतरंजीवर बसली असताना अध्यक्षांनी स्वतः उठून त्यांना भिंतीजवळ उभं राहण्याची खास मुभा दिली. वामनराव तासभर उभे राहिले. बसले असते तर लोक म्हणाले असते, सोसतात बिचारे.

"मी सांगू का सगळ्याईले?" शामलाबाईंनी विचारलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"काही नको! तू जेवढं सांगशील तेवढं ते वाढन."

पण उशी मात्र अप्रतिम होती. वामनराव रोज दार बंद करून तिच्यावर डोकं ठेवून पाहत. ही बाबही खिडकीतून यमुताईंना दिसली असावी, कारण मग सल्ल्यात ब्राह्मीच्या तेलाची भर पडली.

आता फक्त गादी राहिली होती आणि आठवडा राहिला होता. ऑफिसात विसरलेली सायकल तेवढ्यात पंक्चर झाली, म्हणून वामनराव ती ढकलत चौकातल्या भैय्याजींच्या दुकानात गेले. भैय्याजी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. वामनराव त्या फुगलेल्या, काळ्या, गुबगुबीत ट्यूबकडं पाहत राहिले. त्यांनी ती दोन बोटांनी दाबली. मग तळहातानं. मग, आजूबाजूला पाहून, गालानं.

"का जी वामनराव, तब्येत बरोबर आहे ना?" भैय्याजींनी विचारलं. तेही ऐकून होते.

"भैय्याजी, अशा आठ ट्यूबा कापून, सरळ करून, बाजूबाजूला लावल्या तर?"

भैय्याजींनी ट्यूब खाली ठेवली. बिडी विझवली. डोळ्यांत एकदम चमक आली. आयुष्यभर पंक्चर काढणाऱ्या माणसाला कोणी नवीन काही विचारलं नव्हतं.

"एक टाइम हवा भरली का आठहीमध्ये गेली पाहिजे," भैय्याजी म्हणाले. "हरेक ट्यूबले बाजूच्या ट्यूबसंगं नळी जोडतो. वॉल्व एकच. एकदम फर्स्टक्लास होते पाहा!"

तीन दिवस दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही. वामनराव ऑफिस सुटलं की दुकानात. जुन्या ट्यूबा वस्तीतून गोळा केल्या. एकीवर इतकी ठिगळं होती की मूळ ट्यूब कोणती यावर चर्चा झाली. शामलाबाईंनी जुन्या चादरीची आठ कप्प्यांची खोळ शिवून दिली. प्रत्येक कप्प्यात एक नळी. गादी तयार झाली, रुंदीला एका माणसाला ऐसपैस होईल अशी, आणि टालाच्या काट्यावर भरली अडीच किलो! टालवाल्यानंही टाळी दिली.

परीक्षा अंगणात झाली. भैय्याजींनी पंपानं हवा भरली, अगदी टणक. वामनराव आडवे झाले आणि वर पाहून म्हणाले, "अरे बाप्पा!"  भैय्याजी अभिमानानं कमरेवर हात ठेवून उभे होते. ऊन चांगलं तापलेलं होतं आणि उन्हानं ट्यूबमधली हवा फुगते ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती, पण अशा प्रसंगी आठवते कोणाला? बरोबर कमरेखाली धाडकन आवाज झाला. वामनराव वीतभर वर गेले आणि खाली आले. पलीकडं यमुताई स्टोव्हवर भाजी करत होत्या. त्यांना वाटलं रंगारींचा स्टोव्ह उडाला. त्यांनी मागचापुढचा विचार न करता भिंतीवरून बादलीभर पाणी फेकलं. ते भैय्याजींवर पडलं.

"नळी बदलतो," निथळत भैय्याजी म्हणाले. "बाकी सात टिकल्या ना!"

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मनोहररावांच्या अंगणात ओझी मोजायची होती. आंब्याच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगला होता. शिट्टी वाजली की एकेकानं पुढं येऊन पिशवी अडकवायची. श्रीधरची भरली साडेतीन. त्यात एक चादर आणि बाकी सगळे शेंगदाणे. मग वामनराव. काटा सरसर खाली गेला आणि साडेदहावर थांबला.

"बैलगाडी!" मनोहरराव म्हणाले.

"थांबा, थांबा!" वामनरावांनी पिशवी उघडली. गजराचं घड्याळ काढलं. दोन सेलची बॅटरी ठेवून पाच सेलची काढली. सपाता काढल्या. शेवटी काळजावर दगड ठेवून लोखंडी पंप काढला. काटा आठवर आला आणि तिथंच हट्टानं बसला. आता गादीशिवाय काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे पाहत होते. वामनरावांनी गादीला हात घातला. तीन आठवड्यांची धडपड, गाय, गोदाम, विहारातला तो उभा तास, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यांचा हात तिथंच राहिला.

तेवढ्यात मनोहररावांनी वहीत पाहून पुढचं नाव पुकारलं, "शामलाबाई रंगारी!"

वामनरावांनी मान वळवली. शामलाबाई पदर खोचून, पाठीवर पिशवी घेऊन पुढं आल्या.

"तू? तू कवा नाव देलं?"

"ज्या दिवशी तुमची चटई गाईनं खाल्ली त्या दिवशी. म्हटलं, एवढा मजा येऊन राहिला तर आपन काहून घरी राहाव?"

त्यांची पिशवी भरली साडेचार किलो: एक सतरंजी, एक गोधडी, लुगडं आणि चिवडा. त्यांनी काट्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"द्या ती गादी इकडं."

गादी त्यांच्या पिशवीत गेली. काटा सातच्या रेघेवर नेमका उभा राहिला. मनोहररावांनी तो खालून, वरून आणि बाजूनं पाहिला, पण रेघ ती रेघ. वामनरावांचं ओझं साडेपाचावर आलं. त्यांना इतकं भरून आलं की ते सगळ्यांदेखत म्हणाले, "शामला, तुझे उपकार..."

"उपकार नाही जी. अर्धी गादी माही."

सहल सुरू झाली आणि वामनरावांच्या पायांना जणू स्प्रिंग लागल्या. पारशिवनी मागं पडली, धानाच्या बांध्या संपल्या, सागाची झाडं सुरू झाली. ते सगळ्यांच्या पुढं! पायाखाली वाळलेली सागाची पानं पापडासारखी मोडत होती. प्रत्येक ठशाजवळ ते थांबत आणि "वाघ?" विचारत, मनोहरराव "बकरी" म्हणत, ते तेवढ्याच आनंदानं पुढं निघत. दिवस कलता कलता झाडांमधून पाणी चमकलं आणि वामनरावांनी चक्क धावत जाऊन नदीत हात बुडवले. सकाळपासून त्यांना कंबर आहे याची आठवणच झाली नव्हती.

मुक्कामाला सपाट वाळू होती. गादी अंथरली गेली. आणि मग पंपाची आठवण झाली.

"तोंडानं भरू," वामनराव म्हणाले. वॉल्व काढला, तोंड लावलं आणि फुंकायला लागले. शंभर फुंकरांनंतर एक नळी किंचित हलली आणि वामनरावांना दिवसाढवळ्या चांदण्या दिसल्या. मग शामलाबाई बसल्या. मग श्रीधर. एक जण थांबला की दुसऱ्यानं भोकावर अंगठा दाबायचा आणि तिसऱ्यानं तोंड लावायचं. बघता बघता रांगच लागली. "माह्यी पाळी!" "तू दोन खेपा केल्या गा!" शेवटी खुद्द मनोहरराव आले. आयुष्यभर शिट्टी फुंकलेल्या त्या माणसानं एकट्यानं दीड नळी भरली. तरीही गादी अर्धवटच फुगली. सगळ्यांचाच दम संपला होता.

वामनराव तिच्यावर बसले. त्यांच्याखालची हवा मुकाट्यानं दुसऱ्या कडेला निघून गेली आणि ते वाळूवर टेकले. मग आपल्या अर्ध्या हिश्श्यावर शामलाबाई बसल्या, तशी हवा परत आली आणि वामनराव पाळण्यातल्यासारखे वर उचलले गेले. त्यांनी कूस बदलली, शामलाबाई वर. शामलाबाईंनी गोधडी ओढली, वामनराव वर. शेकोटीभोवतीची मंडळी पोट धरून हसत होती. "अवं, हालू नको!" "मी नाही हालली, तुम्ही हालले!" आणि मग दोघांच्या वजनाचा मेळ कुठंतरी बसला. दोघंही वाळूपासून चार बोटं वर, अलगद तरंगत राहिले. वामनरावांनी शेजारी पाहिलं. काहीतरी बोलायचं होतं, पण झोप लागून गेली.

जाग आली ती एकदम वाळूवर आपटल्यामुळं. उजाडलं होतं. शामलाबाई उठल्या होत्या.

"शामला! परत ये वं! मी खाली बसलो!"

"तुम्हीच या! लवकर! आवाज नका करू!"

नदीच्या काठावर त्या उकिडव्या बसल्या होत्या. पाण्यावरून धुकं निघत होतं आणि पलीकडच्या खडकावर तीन पाणमांजरी एकमेकींना ढकलून पाण्यात पाडत होत्या. पडलेली वर आली की तीच दुसरीला ढकलायची. वामनराव अनवाणी, मफलर अर्धवट गुंडाळलेला, बायकोच्या खांद्यावर हात टेकून बघत राहिले. किती वेळ गेला, दोघांनीही पाहिलं नाही. एक पाणमांजर तोंडात मासा धरून थेट त्यांच्याकडं बघून गेली तेव्हा वामनरावांनी शामलाबाईंचा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. शामलाबाईंनी तो सोडवला नाही.

उन्हं पाण्यावर आल्यावर दोघं परतले. गादी रिकामी नव्हती. तिच्या एका अंगाला मनोहरराव आणि दुसऱ्या अंगाला श्रीधर, दोघंही उताणे, हात छातीवर, पाय जुळवलेले, काठीसारखे ताठ, चार बोटं हवेत. दोघांचेही डोळे टक्क उघडे.

"सर, चहा झाला," वामनराव म्हणाले.

"आम्हाला नको," ओठ न हलवता मनोहरराव म्हणाले. "श्रीधर, तू उठला तर याद राख."

"मी कुठं उठून राहिलो सर," श्रीधर पुटपुटला. "तुम्ही फक्त जोरानं बोलू नका. मी खाली जाऊन राहिलो."